झाडलेल्या बाजूचे छत

गेल्या मंगळवारी कुमासीच्या अग्निशमन केंद्रातल्या अधिकारी एस्थर बोआटेमा यांनी शिडीवर चढून माझ्या सुतारकामाच्या कारखान्याचे छत तपासले. त्यानंतर माझा थोरला भाऊ क्वाबेना सार्फो याच्यासमोर त्यांनी सांगितले की, आग जिथे थांबली आणि माझी मुलगी अजेवा हिचा झाडू आगीच्या आदल्या संध्याकाळी जिथे थांबला, ती जागा एकच आहे. मी त्यांना हे वाक्य पुन्हा म्हणायला लावले. त्यांनी ते पुन्हा म्हटले.

त्या वाक्याच्या आधारावर मी, आकोसुआ फ्रेमा, याव न्यार्को सुताराची विधवा, वय वर्षे एकाहत्तर, हे लिहून ठेवत आहे. छातीत धूळ आहे, डोके साफ आहे. कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून भुलवलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण भांडणे आपोआप मिटतात असे मला वाटत होते.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे मी जिवंतपणीच कुटुंबासमोर वाचून घेणार आहे. यातली एक गोष्ट मी गेल्यावर कोणी ऐकणार नाही.

१. राहते घर, तीन खोल्या आणि पुढची पडवी, माझा मुलगा ओपोकु आणि मुलगी अजेवा या दोघांचे समाईक. पडवीत बसून पैलतीरासारखे एकमेकांकडे बघत बसायचे असेल तर बसा, पण मधे भिंत घालायची नाही.

२. बँकेतली शिल्लक ओपोकुच्या हातांसाठी. डॉक्टर म्हणतात, उजव्या हाताची बोटे आणखी एका शस्त्रक्रियेने थोडी सुटी होतील. रंधा पुन्हा धरता येणार नाही, चमचा धरता येईल. ओपोकुने हा पैसा टॅक्सीच्या धंद्यात घालू नये. त्याने मला तसे विचारले आहे म्हणून लिहिते.

३. माझ्या नवऱ्याचा ओडुम लाकडाचा जुना रंधा. तो वारला तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे त्याची हत्यारे त्याच्या बहिणीच्या मुलाने नेली. मी रीतीविरुद्ध बोलले नाही. पुढे त्याच भाच्याकडून तो रंधा बाजारभावाने विकत घेतला, आणि वर त्याने मला ‘मामी, तुमच्यासाठी म्हणून कमी केला हो’ असे ऐकवले. रंधा अजेवाला. भाच्याला माझ्या दुखवट्याच्या जेवणाचे आमंत्रण द्यावे, दुसरे काही देऊ नये.

४. कारखाना, त्याखालची जमीन, पट्टी करवत, सपाटी यंत्र, लाकडाची सगळ्यात जास्त धूळ उडवणारे घासणी यंत्र आणि वाचलेले सगळे लाकूड. ही जमीन कुटुंबाची नाही. मी इतरांच्या कारखान्यांतला भुसा पोत्यात भरून मासे धुरवणाऱ्या बायकांना विकत असे, त्या कमाईतून ती घेतली आहे. क्वाबेनादादालाही हे मान्य आहे; त्याने तेव्हा माझी पोती वाहिली होती आणि भर बाजारात कोणी हसले तर ‘बहीण माझी भुशाची राणी आहे, तुझी कशाची आहे?’ म्हणून विचारायचा.

हे सर्व अजेवाला, पूर्ण मालकी हक्काने. का, ते या कलमात लिहिते.

दिवे लागल्यावर केर काढला की घरातली बरकत केराबरोबर बाहेर जाते, हे आमच्याकडे लहान मूलही जाणते. मीही मानते. कारखान्यात उजेड असेपर्यंत काम चाले, मग अंधार होई, म्हणून केर सकाळवर जाई. आमच्या ओळीतल्या सगळ्याच कारखान्यांची ही पद्धत आहे. सकाळी येऊन ओपोकु कॉम्प्रेसरच्या हवेने यंत्रे आणि तुळया फुंकून काढी. झाडूपेक्षा ते लवकर होते. त्याच वेळी दाराशी करवतीच्या पात्यांना ग्राइंडरवर धार लावली जाई, कारण धार सकाळीच लावायची. धूळ हवेत आणि ठिणग्याही हवेत, रोज, वर्षानुवर्षे. काही झाले नाही म्हणून ते बरोबर आहे असे वाटत राहिले.

अजेवा पॉलिशच्या बाजूला काम करायची. तिच्या हातच्या दारात माणसाला आपले दात दिसत. ओल्या पॉलिशवर छतावरची धूळ पडते म्हणून ती कावायची. गेल्याच्या आदल्या वर्षी, ख्रिसमसच्या तोंडावर उत्तरेचा कोरडा वारा सुटला, ओठ फुटले, लाकूड रात्री आपोआप तडकू लागले, तेव्हा तिने एका संध्याकाळी दिवा लावून आपली बाजू झाडली. नुसती जमीन नाही. बांबूला झाडू बांधून तुळया, फळ्यांच्या कडा, दिव्यांच्या वरची बाजू, सगळे अलगद उतरवून पोत्यात भरले आणि पोती बाहेर ठेवली. ओपोकुने पाहिले.

“ताई, मामांना कळलं तर?”

“मामांना कळायला ते छतावर राहतात का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रांच्या बाजूला भडका उडाला. पहिला लहानच होता, मोठी फुंकर मारावी तसा. त्याने पत्रे हादरले, तुळयांवर साठलेली धूळ एकदम खाली आली आणि दुसरा भडका त्या धुळीचा झाला. भिंत बाहेर पडली. ओपोकुने तोंडावर हात घेतले, म्हणून तोंड वाचले. पॉलिशच्या बाजूला माणसे होती, थिनरचे डबे होते. ती माणसे मागच्या दाराने चालत बाहेर आली. कोणी मेले नाही.

मग कुटुंब बसले. दादा म्हणाला, “दिवे लागल्यावर केर काढलास आणि सकाळी भावाचे हात गेले. आणखी कसला पुरावा पाहिजे?”

अजेवा म्हणाली, “मामा, मी झाडली ती बाजू उभी आहे. जरा मान वर करून बघा.”

“मला मान वर करायला सांगतेस? तुझ्या आईला मी पाठीवर घेऊन नदी ओलांडलीय.”

“त्या वेळी खाली बघून चालला असाल. आता वर बघा.”

कोणीतरी हसले, आणि त्या हसण्याने सगळे बिघडले. दादा उठला. पट्ट्या बांधलेला ओपोकु वेदनेत होता, तोही म्हणाला की ताईने झाडले नसते तर. मी तिला राहा म्हटले. ती म्हणाली, “आई, तू म्हणतेस, पण तुझ्या शेजारी बसलेला एकही माणूस म्हणत नाही.” एक पिशवी घेऊन ती टाकोराडीला गेली. तिथे दुसऱ्याच्या कारखान्यात कचेऱ्यांच्या टेबलांना पॉलिश करते. एक ख्रिसमस आणि एक ईस्टर तिच्याशिवाय गेला, पुन्हा एक ख्रिसमस गेला. मी फुफूसाठी उकडलेले कंद कुटताना अजून तिच्या वाटणीचे घालते आणि मग दुपारी तेच खाते.

जळालेली बाजू पुन्हा उभी करायची परवानगी हवी म्हणून मी अर्ज केला होता, म्हणून बोआटेमा मॅडम आल्या. बोटाने तुळईवर रेघ ओढून त्यांनी दाखवले. एका बाजूला काजळी आणि जळलेला भुसा, दुसऱ्या बाजूला नुसते लाकूड. ‘इथे जळायला काही नव्हते,’ एवढेच म्हणाल्या.

दादाने विचारले, “मॅडम, तुम्ही घरी रात्री केर काढता?”

“नाही, बाबा. आई मारेल.”

“मग?”

“घरी माझ्याकडे घासणी यंत्र नाही.”

दादा खुर्ची ओढून बसला आणि बराच वेळ छताकडे बघत राहिला. मला त्याची दया आली. त्याने हे लबाडीने केले नव्हते. आपल्या माणसांची बरकत राखायला निघालेला माणूस होता, आणि भाचीला घालवून बसला.

५. कारखाना घेणाऱ्यावर खालच्या अटी बंधनकारक आहेत. अजेवाने विकला तर घेणाऱ्यावरही.

काम उन्हे असतानाच थांबवायचे आणि दिवे लागण्याआधी झाडून व्हायचे. म्हणजे कोणाची बरकत कुठे जाणार नाही आणि धूळही राहणार नाही. हे मला म्हातारपणी सुचले, याचे वाईट वाटते. इतके सोपे होते.

कॉम्प्रेसरची हवा धुळीवर मारायची नाही, कितीही घाई असली तरी. मऊ झाडूने हळू, वरून खाली. तुळया, कडा, यंत्रांची पोटे, जिथे नजर जात नाही ते आधी. तुळईवर बोटाने नाव लिहिता आले तर काम बंद.

ग्राइंडर आणि वेल्डिंग बाहेर, कडुलिंबाखाली, आणि आत झाडणे चालू असताना तेही नाही. चहाची शेगडी व केंके, म्हणजे मक्याचे उंडे, गरम करायची चूल रस्त्याच्या कडेला. तेलाच्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात. त्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेटतात, हे अजेवा मला सांगे आणि मला ती थट्टा वाटे. यंत्रांची धूळ ओढून बाहेर नेणारी नळी पत्र्याची बसवावी आणि ठिणगी पडू नये म्हणून तिला तार जोडून ती जमिनीत पुरावी. विजेची बटणे झाकलेली असावीत.

भुसा रोजच्या रोज अळंबी पिकवणाऱ्या बायकांना द्यावा. ववा लाकडाचा त्यांना चालतो. पोती कारखान्यात रात्रभर ठेवू नयेत.

६. शेजारच्या लाकूडवाल्या पोकुआबाईंनी मला आयुष्यभर ओले लाकूड वाळलेले म्हणून विकले. त्यांना माझे बसायचे स्टूल द्यावे. ते त्यांच्याच लाकडाचे आहे, त्यामुळे वाकडे झाले आहे.

७. माझ्या शवपेटीला अजेवाखेरीज कोणी पॉलिश लावू नये. ती नसेल तर पेटी कोरीच राहू द्यावी आणि लोकांनी काय म्हणायचे ते म्हणावे.

८. क्वाबेना सार्फो, माझा भाऊ, याला मी काहीही ठेवलेले नाही. कापड नाही, पेला नाही, एक खिळाही नाही. हे रागाने केले असे कोणी समजू नये. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याची साक्षीदार म्हणून सही चालत नाही, असे वकिलांनी सांगितले. मला त्याच्याकडून सहीच हवी आहे. चौथे कलम वाचून झाल्यावर त्याखाली कुटुंबप्रमुखाची सही असली, तर माझ्या मुलीने भावाचे हात घालवले असे या शहरात पुन्हा कोणी म्हणणार नाही. मी त्याला हे सांगितले. तो म्हणाला, “म्हणजे तू मला काही न देता माझ्याकडून सगळं घेणार.” मी हो म्हटले. “भुशाची राणी,” म्हणाला आणि काठी घेऊन गेला. येतो म्हणाला नाही, येत नाही असेही म्हणाला नाही.

त्याच संध्याकाळी ओपोकुने मला टाकोराडीचा नंबर लावायला सांगितला. त्याला फोन धरता येत नाही, म्हणून टेबलावर ठेवला. मॅडमचे वाक्य आणि शनिवारचे बोलावणे मी तिला आधीच कळवले होते.

“ताई, जेवलीस?”

“हात कसे आहेत?”

“आहेत.”

“मामा काय म्हणाले?”

“छताकडे बघत बसले.”

“मग?”

“मान दुखली म्हणाले.”

 मग ती म्हणाली की शनिवारच्या पहिल्या बसचे बघते. तिकीट काढले असे म्हणाली नाही. मी विचारले नाही.

शनिवारी दुपारी माझ्या पडवीत कुटुंब बसेल. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर असतील तेव्हाच मी सही करीन. एकजण नसेल तर कागद तसाच घडी करून ठेवीन आणि पुढच्या शनिवारी पुन्हा उघडीन. टाकोराडीची बस त्याआधी पोचते.

लिहून देणार: आकोसुआ फ्रेमा (सही शनिवारी)

साक्षीदार: एस्थर बोआटेमा, अग्निशमन अधिकारी (येते म्हणाल्या आहेत)

साक्षीदार: क्वाबेना सार्फो, कुटुंबप्रमुख (जागा सोडली आहे)

कुमासी, फेब्रुवारी महिना, गुरुवार