चौकोनी भोकाची तीन नाणी

अल थुमामा, दोहा

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे मजेत आहोत. तुझ्या भाचीची, उर्वीची, परीक्षा संपली. तुझ्या मराठी मेसेजना ती अजून इंग्लिशमध्येच उत्तरं देते. कळतं सगळं, पण तोंडातून मराठी निघत नाही.

गेल्या महिन्यात मी तुला तीन नाण्यांचे फोटो पाठवले होते, ‘ओळखीच्या एकांची आहेत, बघ जरा’ एवढंच लिहून. दोन वर्षं सणावाराच्या शुभेच्छांपलीकडे आपलं बोलणं नाही, आणि एकदम हे. तरी तू काही विचारलं नाहीस. ती हकिकत आज सांगतो.

नाणी याङ यांची. ते हमद पोर्टवर क्रेनची देखभाल बघतात. मी तपासणीला गेलो की आमचे डबे एकत्र उघडतात. साठीला आलेत. चीनमधल्या ग्वीजौच्या डोंगराळ भागातले, मियाओ जमातीचे. मध्ये चौकोनी भोक असलेली ही नाणी आजीनं त्यांच्या लहानपणीच्या टोपीला शिवली होती. आता मुलीला बाळ झालंय, त्याच्या टोपीला तीच शिवायची असं याङनी ठरवलं होतं. पण शहरातल्या जावयानं फोटो कुणा जाणकाराला दाखवले. तो म्हणाला, माप लहान, अक्षरं पुसट, नकली आहेत. झालं, जावई म्हणाला, बाळाच्या डोक्यावर खोटी नाणी नकोत. आजी सांगायची, सरकारी नाणी डोंगरात पोचायची नाहीत, म्हणून आपल्याच गावातल्या माणसानं ही ओतली. आता तीच खोटी ठरत होती. याङ दोन दिवस धड जेवले नाहीत.

मी ऐटीत म्हणालो, “माझे वडील ओतारी होते, मी बघतो.” भिंग घेऊन अर्धा तास बघत बसलो आणि मला ओ की ठो कळलं नाही. कळणार कुठून? अण्णा भट्टी पेटवायचे तेव्हा मी क्रिकेटला पळायचो आणि वितळलेल्या धातूची मूस धरायला तू असायचीस. मग मुकाट्यानं तुला फोटो पाठवले.

तुझं उत्तर मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. “खऱ्या नाण्याचा ठसा मातीत घेऊन ओतलंय. धातूचा रस थंड होताना आकसतो, म्हणून माप लहान. कडेला गाठ दिसते तिथून रस आत गेला. ती नंतर कानशीनं घासली आहे, भोकाच्या आतूनसुद्धा. तिन्ही शेजारी ठेव. वरच्या अक्षराच्या डावीकडे सारखीच खाच दिसली तर एकाच नमुन्यावरून केलेली, बहुतेक एकाच हातची. कुठल्या राज्याचं नाणं ते मला सांगता येणार नाही, पण करणाऱ्यानं काम मन लावून केलंय.”

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये डब्याच्या झाकणावर तिन्ही नाणी ठेवली. खाच होती. तिन्हींवर, त्याच जागी. म्हणजे आजी सांगायची तेच खरं, गावातल्या एकाच माणसानं ओतलेली. याङनी लगेच मुलीला व्हिडिओ कॉल लावला. मी इंग्लिशमध्ये सांगायचो, ते त्यांच्या बोलीत. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक गोळा झाले. शेवटी याङ हसत हसत मला म्हणाले, “जावई म्हणतोय टोपी मोठी शिवा, तिन्ही बसली पाहिजेत.”

रविवारी ते घरी आंबट माशाचं सार घेऊन आले. तुझ्या भावजयीनं, मृणालिनीनं, दोनदा घेतलं. जेवताना त्यांनी विचारलं, वडील गेल्यावर भट्टी कोण चालवतं? मी म्हणालो, “माझी मोठी बहीण.” म्हणताना मान ताठ झाली माझी. ते म्हणाले, “उस्तादांना माझा नमस्कार सांग.” मग मात्र मला मान वर करवेना.

नमस्कार फोनवरही सांगता आला असता. पत्र लिहिलं ते सोबतच्या कागदांसाठी. अण्णांनंतर तू भट्टीचं हक्कसोडपत्र माझ्या सहीसाठी पाठवलंस, तेव्हा मी म्हणालो होतो की भट्टी हे बाईमाणसाचं काम नाही, जागा बिल्डरला देऊन टाकू. वर कागद कपाटात टाकून दिले. तू भांडली नाहीस, भट्टी पेटती ठेवलीस. परवा दूतावासात जाऊन त्याच कागदांवर सही-शिक्का करून आणलाय. काही राहिलं असेल तर दिवाळीत येतोय, तेव्हा रजिस्ट्रारकडे तुझ्याबरोबर येईन. उर्वीला मूस कशी धरतात ते दाखव. ती इंग्लिशमध्ये विचारेल, तू मराठीतच सांग. आणि मला काय बोलायचं असेल ते समोर बसवून बोल, मी मध्ये तोंड उघडणार नाही.

तुझाच,
नंदू