बॅलिनोरचे पंधरा

१२ फेब्रुवारी २०१२

ईमन गेला. विमानतळावर त्याच्या बॅगा पॅकीने, माझ्या नवऱ्याने, उचलल्या. शेवटी बोलला तर काय — "चॅम्पियनशिप संपल्यावर गेला असतास तर?"

पोटचं पोर पर्थला चाललंय, पुन्हा कधी दिसेल देव जाणे, आणि बापाला बचावफळीची काळजी! ईमन हसला. "बाबा, तिकडचं काम माझ्यासाठी थांबून राहणार आहे का?" मग मला मिठी मारली. कानात म्हणाला, "आई, कॅप्टन शेनला करा. तो धावत नाही, पण ओरडतो चांगलं."

परतताना पॅकीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. उतरला. कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला बराच वेळ.

४ मार्च

सरावाला नऊ जण. त्यातला एक पाय मुरगळलेला, नुसता बघायला आलेला. आयरिश फुटबॉलचा संघ पंधराचा!

१८ मार्च

काल सेंट पॅट्रिकची मिरवणूक. ट्रॅक्टर, शाळेतल्या मुली, त्यांच्यामागे आम्ही. पॅकीने एक्क्याऐंशीचा कप छातीशी धरला होता. क्लबचा तेवढा एकच कप, आणि तो जिंकला तेव्हा कॅप्टन हा. क्लूनराला हरवून जिंकलेला — हे सांगितल्याशिवाय इथे कुणी त्या कपाचं नाव घेत नाही. क्लूनरा चार मैलांवर, पण आमच्या बॅलिनोरने त्यांचं कधी तोंड बघितलं नाही मैदानाबाहेर.

फादर लॅव्हेल म्हणाले, "ऊना, पुढच्या वर्षी क्लबला नव्वद होतील. तू अध्यक्ष. इतिहास लिहून काढ की!"

इतिहास मला लहानपणापासून पाठ आहे. तेवीस साली आयर्लंडची यादवी संपली तेव्हा माझे आजोबा, बार्टली, कैदेतून सुटून आले. गाव दुभंगलेलं. चर्चमध्ये सुद्धा दोन्ही बाजूंची माणसं दोन कडांना बसायची. आजोबांनी क्लब काढला आणि गोलात कुणाला उभं केलं? तर त्यांच्याच कोठडीवर पहारा करणाऱ्या शिपायाला! लोक खवळले. आजोबा म्हणाले, "अरे, याने मला बाहेर पडू दिलं नाही. चेंडूला आत येऊ देईल होय?" ते दोघं आयुष्यभर एकमेकांशी फक्त मैदानातच बोलले. पण बोलले!

मग सत्तावन्न. निम्मा संघ इंग्लंडात कॉव्हेंट्रीला गेला मजुरीला. पाद्र्यांना खेळायला बंदी, तरी तेव्हाचे फादर टोपी डोळ्यांवर ओढून, खोट्या नावाने खेळले. बिशपच्या कानावर गेलं. बिशपने म्हणे एवढंच विचारलं — जिंकलात का?

तेव्हाही माणसं कमी पडली, पण गावाने कुठून तरी पंधरा उभे केलेच. आता कुठून करू? आणि इतिहास लिहायचा तो वाचायला राहिलंय कोण!

१३ मे

क्लूनराकडून हरलो. किती फरकाने ते लिहीत नाही. त्यांचे पोरगे दांडगे, सगळे बांधकामावर घाम गाळणारे, एकेक भिंतीसारखा. पाऊस, चिखल, आणि कुंपणापलीकडून कुणी तरी ओरडलं — "ऊना, पुढल्या खेपेला मेंढ्या आण! त्या निदान धावतील तरी!"

आमचीच माणसं हसली.

८ जुलै

चॅम्पियनशिपचा पहिला सामना. तेरा जण आले. न खेळता हार. पंचाने हात मिळवला आणि शिट्टी खिशात टाकली. अजून एकदा असं झालं तर स्पर्धेतूनच बाहेर.

२१ जुलै

मॉसी डर्कनकडे गेले. आमचा पोस्टमन. एक्क्याऐंशीच्या संघातला सगळ्यात लहान, आता पन्नाशी ओलांडलेला. बर्नी, त्याची बायको, बटाटे सोलत होती.

"उद्या फक्त उभा राहा कोपऱ्यात," मी म्हणाले. "पंधरा दिसले पाहिजेत."

"माझ्या गुडघ्यांना विचारलंस का?" तो म्हणाला. पण डोळे चमकले त्याचे. वीस वर्षांचा झाला एकदम! बर्नी मान वर न करता म्हणाली, "त्याच्या छातीला विचार."

मी हसण्यावारी नेलं.

२२ जुलै

मॉसी पडला. कोपऱ्यात उभा राहायचं सोडून वेडा चेंडूमागे धावला. चेंडू झेलला, दिला, आणि गुडघ्यांवर बसला. आम्हाला वाटलं दम लागला. मग पालथा झाला.

समोरच्या संघातला एक जण रुग्णवाहिकेवर काम करणारा, म्हणून. छाती दाबत राहिला तो. नाही तर —

पुढे लिहवत नाही.

२४ जुलै

मॉसी शुद्धीवर आलाय. जगेल म्हणतात. नळ्याच नळ्या. मला बघून म्हणाला, "झेल घेतला ना मी? बघितलास?"

बर्नी मला बाहेर घेऊन आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "त्या जर्सीत अजून किती माणसं घालून पुरणार आहेस, ऊना?"

९ ऑगस्ट

जिल्हा समितीतून फोन. पुढल्या वर्षी पंधरा जण, सगळे चाळिशीच्या आतले, दाखवले तरच प्रवेश. नाही तर शेजारच्या क्लबात सामील व्हा, म्हणे. शेजारचा म्हणजे क्लूनरा. पॅकीने रेडिओ मोठा केला.

१६ सप्टेंबर

क्लूनरा जिल्ह्याचा कप जिंकलं. त्यांच्या टेकडीवरच्या शेकोट्या आमच्या स्वयंपाकघरातून दिसतात. पॅकीने पडदा ओढला.

१४ ऑक्टोबर

गेले शेवटी. पॅकीला सांगून गेले. "जा," म्हणाला, "जाताना कप पण नेऊन दे त्यांना."

क्लूनराचा अध्यक्ष टाइग ब्रॉस्नन. हॉटेलात चहा मागवला, सँडविचेस मागवली, स्वतः कशाला हात लावला नाही. माणूस दगड!

"नाव आमचं," म्हणाला. "रंग आमचे. मैदान आमचं."

"मग आमचं काय?"

"तुमची पोरं खेळतील, अध्यक्षीणबाई. नाही तर ती कुठे खेळणार?"

मी म्हणाले, नाव तरी दोन्ही गावांचं ठेवा. नाही. निम्मे सामने तरी आमच्या मैदानावर? नाही. जर्सीच्या बाहीवर आमच्या हिरव्याची एक पट्टी? खिडकीकडे वळला. "पट्टीचं बघू," म्हणाला. वर म्हणतो, "नाताळाच्या आत कळवा. आम्हाला घाई नाही, पण उगाच लांबवू नका."

पट्टीसाठी भीक मागितली मी. बार्टलीची नात!

२५ नोव्हेंबर

सभा झाली. सगळं लिहून काढते, नाही तर झोप लागणार नाही.

सभागृह भरलं होतं. सामन्याला कधी न फिरकणारी माणसं सुद्धा आली. मी अटी वाचल्या. कुणी तरी मागून म्हणालं, "लाज!" मग पॅकी उठला. कागद नाही, काही नाही. बार्टली, तो शिपाई, कॉव्हेंट्री, टोपीवाले फादर, सगळं सांगितलं. असा बोलताना मी त्याला तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. "मरायचं तर आपल्या नावाने मरू," म्हणाला. "त्यांच्या नावाने जगून काय करायचंय?" माणसं उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या. मला पण रडू आलं. किती खरं बोलत होता!

मग मॉसी उठला, काठी टेकत. "मी जवळजवळ मेलो होतो आपल्या नावाने," म्हणाला. "त्यात विशेष काही नाही." बसला.

मतं समसमान पडली. अध्यक्षाचं मत उरलं.

मी पॅकीकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, आणि हसत होता — त्याला खात्रीच होती! शेनकडे बघितलं. त्याच्याबरोबर संघातले उरलेले दहा जण भिंतीला टेकून उभे होते, विशी-बाविशीतले. त्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

मी विलीनीकरणाच्या बाजूने हात वर केला.

खुर्च्या तेवढ्या सरकल्या. पॅकी चालत घरी आला, पावसात. मी गाडी त्याच्या बाजूने हळूहळू चालवत होते. त्याने वळून बघितलं नाही.

२६ नोव्हेंबर

फाटकाला जुनी हिरवी जर्सी बांधलेली. काळ्या दोऱ्याने, शोक असल्यासारखी.

३ डिसेंबर

दुकानात मिसेस कीव्हनी — "काय ऊना, पाव हवाय? की तो पण क्लूनराहून आणणार आता?"

पॅकी जेवायला बहिणीकडे जातो. झोपायला येतो. ईमनच्या खोलीत झोपतो.

२५ डिसेंबर

ईमनचा फोन. मागे समुद्राचा आवाज. "आई, तू बरोबर केलंस," म्हणाला. "मग तू ये ना परत," मी म्हणाले. "बाबांना दे," म्हणाला. मी पॅकीकडे फोन धरला. पॅकीने पोराशी हवामानावर गप्पा मारल्या आणि फोन टेबलावर ठेवून बाहेर गेला, मैदानाकडे. गवत कापायला! नाताळात! कोण खेळणार आहे त्या गवतावर?

६ जानेवारी

नाताळचं झाड उतरवलं. घरात दोन माणसं आणि आवाज फक्त घड्याळाचा. वाटतं, उठून सभागृहात जावं आणि तो हात खाली घ्यावा.

२० जानेवारी २०१३

पहिला एकत्र सराव, क्लूनराच्या मैदानावर. आमचे अकरा व्हॅनमधून उतरले. त्यांचे पाच उभे होते.

"बाकीचे?" मी टाइगला विचारलं.

त्याने टोपी काढली. "बाकीचे व्हँकुव्हरला. अख्खी टोळी एकाच ठेकेदाराकडे, ऊना. गेल्या आठवड्यात गेले. मला ऑगस्टपासून माहीत होतं." मग म्हणाला, "तू नाही म्हणाली असतीस, तर मी तुझ्या दारात आलो असतो. नाव, मैदान, जे मागितलं असतंस ते दिलं असतं."

पोरं धावायला लागली होती. शेन ओरडत होता.

घरी आले. पॅकी चुलीपाशी. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "जमले का पंधरा?"

"सोळा," मी म्हणाले.

कुणाचे किती, ते सांगितलं नाही.