लेन्सच्या फळीचं माप

मंगळवार, ११ मार्च

चि. ठमीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. मी धडधाकट आहे. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याला भाव देत नाही. दारं-खिडक्यांची पुष्कळ कामं आली आहेत आणि मी ती सगळी लांबणीवर टाकली आहेत. का, ते सांगायला हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच फोन ठेवतेस आणि मग माझं डोकं फिरतं.

तर, भावोजींचा मोठा कॅमेरा मी पुन्हा उभा करतोय.

आठ्या घालू नकोस, आधी ऐक. भावोजी गेल्यावर ताईनं स्टुडिओ बंद केला, सामान भंगारवाल्याला देऊन टाकलं. तू तिच्याशी कडाकडा भांडलीस, कॅमेऱ्याची लेन्स काढून पिशवीत घातलीस आणि निघून गेलीस. तेव्हापासून मायलेकींचा अबोला. ते पुन्हा उगाळत बसत नाही. तुला ठाऊक नाही ते एवढंच, की तू गेल्यावर मी चपला हातात घेऊन भंगाराच्या गाडीमागे धावलो होतो. हाती लागलं ते पोत्यात भरून माळ्यावर टाकलं.

ताईबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवलंय. फक्त कॅमेरा.

मध्यंतरी पोतं खाली काढून टेबलावर ओतलं. दोन लाकडी चौकटी, खालची लांब पट्टी, चौकटींना जोडणारा घड्यांचा फाटका भाता, मूठभर स्क्रू. पुढच्या चौकटीत बसणारी चौकोनी फळी शाबूत होती, मधोमध गोल भोक असलेली. तिच्यातूनच तू लेन्स काढलीस. बाकी काय काय गहाळ आहे, ते कोण सांगणार? मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही. पण सुताराला लाकूड कळतं. जिथं वर्षानुवर्षं काही बसलेलं असतं, तिथं त्याचा रंग निराळा राहतो. मागच्या चौकटीच्या कडांना फिकट पट्टे दिसले, त्यांच्या टोकांना स्क्रूची भोकं. म्हणजे तिथं काच दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा असणार. म्हणजे काचही गेली. खालच्या पट्टीला पितळी दाते आहेत, पण त्यांवरून चौकट पुढंमागं सरकवणारी फिरकी नाही. टेबलावर खडूनं चित्र काढलं. आहे ते जागेवर ठेवलं, नाही त्याची जागा मोकळी सोडली.

तुझी मामी म्हणाली, "एवढं लक्ष घराच्या दारांकडे दिलं असतंत तर ती करकरली नसती." म्हटलं, करकरू देत!

फिरकी नि स्प्रिंगा घड्याळवाल्यानं करून दिल्या. भाता पिशव्या शिवणाऱ्याकडून नवा घेतला. त्यानं पहिला पार वाया घालवला, मग दोघं कचाकचा भांडलो, मग दुसरा झकास जमला. खोलीत अंधार करून भात्यात बॅटरी धरली, कुठूनही उजेड फुटला नाही. दुधी काच तर मी स्वतः घासली. काचेवर काच ठेवायची, मधे घासायची पूड नि पाणी, आणि खांदे भरून येईतो गोल गोल फिरवायचं. काच चौकटीत बसवली आणि माझीच पाठ थोपटली. तिथंच शेण खाल्लं होतं.

आता मात्र ताईचं लिहावंच लागणार. त्याशिवाय पुढचं सांगताच येत नाही.

मी पोतं उघडल्यापासून ताई कारखान्यात येते. "तुझ्याकडे वारा बरा लागतो," म्हणते. भुशात कसला आलाय वारा! टेबलाकडे पाठ करून बाकावर बसते, भाजी निवडते. मी कशाला विचारतोय? त्या दिवशी काच बसलेली पाहून उठली, मागून तिच्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली,

"उलटी बसवलीस."

"काय उलटी?"

"काच. खरखरीत बाजू आत हवी, लेन्सकडे."

मी न्हाणीघराच्या खिडकीला बसवतो तशी बसवली होती, गुळगुळीत आत नि खरखरीत बाहेर. जन्मभर तेच केलंय, हात आपोआप तसाच चालला.

"काच ती काच. काय फरक पडतो?"

"चित्र खरखरीत बाजूवर उमटतं. फिल्म जिथं बसते, नेमकी तिथंच ती बाजू यायला हवी. नाहीतर काचेवर तुला सगळं स्पष्ट दिसेल आणि फोटो धूसर येईल. ते कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडाखाली शिरायचे नि मी शेजारी फिल्मचा होल्डर घेऊन उभी असायचे. तुला काय वाटलं, मी तिथं नुसत्या खुर्च्या पुसत होते?"

एवढं एका दमात बोलली, मग बाकावर बसून रडली. भावोजी गेले तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं गं. म्हणाली, "ते सगळं रोज समोर दिसायला नको होतं मला. पोरीला ते हवं असेल, हे डोक्यातच आलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी काच सुलटी बसवली, तर तिनं फिल्मचा होल्डर आणून टेबलावर ठेवला. तो भंगारात दिलाच नव्हता. तिच्या कपड्यांच्या कपाटात होता.

हे तुला कळवायचं नाही अशी शपथ घातलीय मला. शपथ गेली खड्ड्यात.

आता खडूच्या चित्रात एकच जागा मोकळी आहे. परवा एक दुकानदार जुनी लेन्स दाखवायला घेऊन आला. लेन्स उत्तम, पण आपल्या फळीच्या भोकात जाईना, जराशी मोठी. भोक वाढवणं माझ्या डाव्या हातचा मळ. कानस उचलली, तर ताईनं मनगटच धरलं.

"भोक वाढवायचं नाही. तिच्या लेन्सचं माप आहे ते."

दुकानदार आला तसा गेला.

तेव्हा लेन्स पोस्टानं पाठवू नकोस. पाठवलीस तर मी परत धाडीन. हट्टी आहे मी. तू काय तुझ्या बाबांवर गेलीयस? माझ्यावरच गेलीयस. स्वतः घेऊन ये. ताई दुपारभर बाकावर असते. मी तिला आधी काही सांगणार नाही. बोलायला जमलं नाही तर नको बोलूस. लेन्स फळीत बसव, कापडाखाली शीर आणि काचेवर चित्र स्पष्ट कर. होल्डर कधी हातात द्यायचा, ते तिला सांगावं लागत नाही.

कानस कपाटात कुलूपबंद करून बसलेला,
तुझा मामा