नव्या पिक्चरमध्ये तुमचा आवाज नाही

अण्णा, तुमच्या त्या पिक्चरचा नवा अवतार निघालाय. गेल्या रविवारी दुपारी आईला मंचरला नेऊन दाखवला. माझा अभिप्राय असा की डोंगर परदेशी आहेत, नायिकेला घाम येत नाही, आणि रडायचं कुठे हे पार्श्वसंगीत आधीच सांगून टाकतं. जुन्यात निरोप स्टेशनावर होता, नव्यात विमानतळावर. प्रगती म्हणायची ती एवढीच.

भीमाशंकरच्या वाटेवरच्या गावांत जत्रेला तुम्ही तंबू टॉकीजचं मशीन चालवायचात, तेव्हा नेमका त्या स्टेशनच्या प्रसंगाला रिळाचा आवाज गेलेला असायचा. नायक नुसते ओठ हलवतोय, आणि तुम्ही एका हाताने मशीन सांभाळत माइक ओढून त्याचं बोलताय: "जाऊ नगं गं, भात लावायचा ऱ्हायलाय. तुज्याबिगर चिखलात कोन उतरंल?" बंगल्यात राहणारा तो नायक, त्याचा भाताशी संबंध ताटापुरता. तरी दोरीच्या अलीकडे बाया, पलीकडे बाप्ये, सगळा तंबू हुंदके देतोय. पुढे धडधाकट रीळ आलं तर लोक ओरडले, "ओ भाऊ, त्याचा आवाज बंद करा राव, तुमी बोला!" आम्ही संस्कृतवाले अशा घुसडलेल्या मजकुराला प्रक्षेप म्हणतो आणि नाक मुरडतो. तुमच्या बाबतीत मूळ संहिताच रद्द झाली होती.

आई आता मला ओळखत नाही. "पावणं" म्हणते, चहा विचारते, आणि जाणार कधी तेही अदबीने विचारते. डॉक्टर म्हणाले, आवडीचं जुनं काही दाखवत राहा. म्हणून आधी जुनाच पिक्चर मोबाइलवर लावला. स्टेशनपर्यंत नीट बघत होती, मग म्हणाली, "ह्यो आवाज ह्याचा न्हाई." नव्याकडे निदान मोठा पडदा होता, अंधार होता. म्हटलं, तेवढ्यानेही काही हलेल.

विमानतळ आला, तशी ती मान वळवून मागच्या भिंतीतल्या उजेडाच्या भोकाकडे बघू लागली. "बोलत्याल आता," म्हणाली. पडद्यावर नायक बोलतच होता. मी वाकून तिच्या कानात तुमचं वाक्य म्हणालो, भात, चिखल, सगळं, जमेल तितकं तुमच्या घशातून. ती दचकली.

"पावणं, गप बसा. लोकं बघत्यात. त्यांचं बोलनं ऐकू द्या."

शेवटच्या नावांच्या पाट्या संपल्या, दिवे लागले, तरी उठेना. "त्यांचं व्हायचंय अजून." शेवटी डोअरकीपरने आणि मी मिळून तिला उठवलं. तेव्हापासून ती पिक्चरचं नाव काढत नाही. आपल्या घरी कधी पिक्चर होता हेही बहुधा गेलं.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, आणि तिला वाचून दाखवलं तर "कुनाचं हाय?" असं विचारेल, तेव्हा ठेवून देतो. एक मात्र सांगतो. कानात बोललो ते तिने मला ओळखावं म्हणून नव्हे, तो नाद मी केव्हाच सोडलाय. अंधारात तिने मला तुम्हीच समजावं, एवढ्यावर माझी तयारी होती.