अण्णांच्या शुभहस्ते

१२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. कांदा काढणीला आलेल्या बायकांमध्ये गर्भनिरोधक गोळ्यांची जनजागृती करायचं काम संस्थेने माझ्यावर सोपवलंय. अवसरीच्या माळावर हिंगोलीकडची टोळी उतरली आहे. गोळ्यांचा खोका घरी कपाटात. काढणी उरकेपर्यंत चित्र पालटतो.

१४ फेब्रुवारी
पहिली सभा. गोळी कुणाला माहीत आहे, विचारलं. एकही हात वर नाही. भयानक अज्ञान! शेजारी मुकादम व्हिडिओ काढत होता म्हणून बायका गप्प बसल्या, असं सोबत आलेल्या नर्सबाईंचं म्हणणं. मला पटलं नाही. त्यांनी पालात जाऊन एकेकीला तपासलं. ज्यांना चालतील त्यांना आजच गोळ्या देऊन टाका, म्हणाल्या. अशा कशा देणार? ना बॅनर, ना हार. पहिलं पाकीट आमच्या अध्यक्षांच्या, म्हणजे अण्णांच्या शुभहस्तेच जायला हवं.

१९ फेब्रुवारी
अण्णा शिवजयंतीला जुन्नरला. वाटपाची तारीख पुढे.
टोळीतली आरती भेटली. कडेवर पोरगं, हाताला दुसरं. गावाकडून आणलेलं पाकीट शुक्रवारी संपतंय म्हणाली. मागच्या खेपेला बांधावरच बाळंत व्हायची पाळी आली होती, आता अंगात ताकद नाही. मंचरच्या मेडिकलात जा म्हटलं, तर मुकादम सोडत नाही. मग मी तिला गोळीचं महत्त्व सविस्तर समजावलं. मधेच तिला जांभई आली. चिकाटी नाही या लोकांत.

२१ फेब्रुवारी
शुक्रवार. आरतीचा निरोप, पाकीट संपलं. अण्णांना फोन केला. उचलला नाही. माझ्या बाजूने प्रयत्न पूर्ण.

२ मार्च
अण्णा बैलगाडा शर्यतीला. तारीख पुन्हा पुढे. माणसाने एकट्याने किती ओढायचं?
वृषाली म्हणते, त्या बाईला पाकीट हवंय आणि तुम्ही हाराचं माप काय घेताय? मीच नेऊन देते. बायकोला प्रोटोकॉल समजत नाही. कपाटाची किल्ली आता खिशात ठेवतो.

११ मार्च
दुसरी सभा. सगळ्यांनी हात वर केले. शंभर टक्के जागृती! आरती तेवढी आली नाही. संपर्कात सातत्य ठेवायला हवं होतं तिने.

२५ मार्च
बॅनर आला. अण्णांचा फोटो लहान झाला म्हणून परत पाठवला. चिडचिड होते. रक्तदाब मोजायला हवा.

८ एप्रिल
अखेर कार्यक्रम. अण्णा दोन तास उशिरा. काढणीचे शेवटचे दिवस, मुकादमाने एकाही बाईला सोडलं नाही. खुर्च्या रिकाम्या. ऐनवेळी डोकं चालवून बचत गटाच्या बायका आणून बसवल्या. पहिलं पाकीट सत्तरीच्या बयाबाईंना. टाळ्या. त्यांनी माइकवरच विचारलं, ही गुडघ्यावर हाय का? नर्सबाईंनी खाली उतरून सगळी पाकिटं परत गोळा करून माझ्या खोक्यात टाकली. एकंदरीत कार्यक्रम यशस्वी.

९ एप्रिल
टोळी निघाली असं कळलं. पाकिटं घेऊन माळावर गेलो. फोटोसाठी नव्हे. खरंच नव्हे.
बायका टेम्पोत सामान चढवत होत्या. आरती बाभळीखाली वाकून ओकत होती. मी पाणी दिलं. जेवण बाधलं का, विचारलं. तिने पोटावर हात ठेवला. मग मला कळलं. तरी पाकीट पुढे केलं.
तिने घेतलं नाही. तोंड पुसलं आणि म्हणाली, "म्हायती लई चांगली दिली भाऊ तुमी. आमी इचारलं व्हतं पाकीट."
पोरांना वर चढवून ती टेम्पोत बसली.
घरी आलो. वृषालीने ताट वाढलं. कपाटाची किल्ली तिच्यापुढे ठेवली. तिने उचलली नाही.
मोबाइलवर संस्थेच्या ग्रुपमध्ये कालचा फोटो आलाय. बयाबाईंच्या हातात पाकीट, शेजारी अण्णा. मागे बॅनरवर तळाशी माझं नाव आहे. अगदी स्पष्ट वाचता येतं.