तोंड उघडे असताना

३ जून
नूतन नगर, नूतन सदनिका, नूतन पद. वक्तृत्वाचा प्राध्यापक म्हणून मला येथे ससन्मान पाचारण करण्यात आले आहे. आजवर ज्या संस्थांनी माझी व्याख्याने ऐकली, त्यांनी मला सद्गदित कंठाने निरोप दिला. ही संस्था अद्याप अननुभवी आहे. प्राचार्य स्वतः स्वागतास आले. तोंडावर रुमाल धरून ते मोजकेच बोलले, परंतु माझ्या मुखाकडे निर्निमेष पाहत राहिले. वाग्देवीच्या उपासकाकडे असेच पाहावे. घरी आल्यावर सौ. एवढेच म्हणाली, “अहो, त्यांनाही जरा बोलू द्यायचं होतंत.” तिचा एक दात पडल्यापासून तीही हाताआडूनच बोलते.

५ जून
रुजू होण्यापूर्वी दंततपासणी करून घ्यावी, असा येथील प्रघात आहे म्हणे. माझी दंतपंक्ती निर्दोष. केवळ वरच्या डाव्या सुळ्याचा कोपरा बालपणी अक्रोडाने हिरावला. तथापि गेलो.

खुर्ची हळूच आडवी झाली, गळ्याशी कागदी रुमाल आला, डोळ्यांवर दिवा. दंतवैद्य अत्यंत सुसंस्कृत: आता आरसा येईल, आता थोडे पाणी, आता नळी लाळ ओढेल, सारे आधी सांगून मग करणार. दोष एकच. प्रश्न विचारणार तो दोन्ही हात माझ्या तोंडात गेल्यावर. गाव आवडले का? “आँ.” घर हवेशीर आहे ना? “आँ.” प्रत्येक वेळी मदतनीस बाई प्रसन्नपणे म्हणत, हो म्हणाले. अखेरीस दंतवैद्यांनी प्राचार्यांविषयी काहीतरी हळूच विचारले. शिष्टाचार म्हणून मी पुन्हा “आँ” केले. मग सुई टोचली.

गाल बधिर आहे. तोंडातला कापूस सकाळपर्यंत काढायचा नाही.

६ जून
कापूस काढला. सुळा नाही. त्याचे शेजारीही नाहीत.

तडक दवाखाना गाठला. मदतनीस बाईंना आश्चर्य वाटले ते माझ्या आश्चर्याचे. विचारूनच काढले, तुम्ही हो म्हणालात, त्या म्हणाल्या. दंतवैद्यांनी हळहळ व्यक्त केली आणि जखम दाखवा म्हणाले.

मी दाखवली. अक्षम्य मौर्ख्य. तोंड उघडताच त्यांनी दोन्ही हात आत घातले व पुढचा प्रश्न विचारला.

९ जून
प्रथम व्याख्यान. प्रास्ताविक प्राचार्यांनी केले, रुमालाविना. खणखणीत बोलले. मग माझ्याकडे वळून हसले. वरचा डावा सुळा, कोपरा उडालेला.

मी उठून निषेध नोंदवला. पुढचे दात नसल्याने मुखातून जे बाहेर पडले, ते मी ओळखले. सभागृहानेही ओळखले. प्राध्यापकमहाशयांची संमती आहे, असे प्राचार्यांनी जाहीर केले. प्रदीर्घ टाळ्या. माझ्या वाट्याला आलेल्या पहिल्याच.

१२ जून
दवाखान्यात तक्रार करण्यास सौ.ला सोबत नेले. माझ्या वतीने बोलेल म्हणून. ती बोलली. सगळ्या प्रश्नांची उत्तरे तिनेच दिली. मी खुर्चीत होतो.

परतताना ती मोठ्याने हसली. इतक्या वर्षांनी. तोंडावर हात न धरता.

तो दात माझा आहे.

१४ जून
एकही उरला नाही. पेज भरवताना ती म्हणाली, घरात कसं शांत वाटतंय हो. रागाने नव्हे. मायेने.

मी नको म्हणालो. तिने आणखी वाढली.

१५ जून
दारावरची घंटा. दंतवैद्य, मदतनीस बाई, मागे प्राचार्य. नेहमीचीच तपासणी आहे म्हणतात — दातांचे काम संपले, आता जीभ तेवढी विनाकारण पडून आहे — प्राचार्यांच्या मेहुण्याला भाषणांची फार हौस —

सौ.ने मागून डोके धरले आहे. हात ओळखीचे, ऊबदार. दिवा लावला. मी ओठ आवळून — विचारल्याशिवाय ते काही करत नाहीत, आणि तोंड उघडल्याशिवाय विचारत नाहीत —

लेखणी अजून हातात आहे. याच पानावर ठळक अक्षरांत लिहून त्यांच्यासमोर धरतो —

माझी संमती