लाल दोऱ्याची पुडी

चारुशीला,

तू धुणं घेऊन विहिरीवरून येईपर्यंत एस.टी. निघून जाईल, म्हणून लिहून ठेवते. हनीफ धाराशिवाहून निरोप घेऊन आला. पमीची आई पहाटे दवाखान्यात वारली. मी तिकडंच निघाले आहे.

पमी माजघरात पोरींबरोबर उटणं चाळते आहे. तिला काही सांगू नकोस. आपण शेजारी, आपल्याला सुतक नाही; पण तिच्या कानावर गेलं की तिला लागलं. मग उद्याच्या पहिल्या अंघोळीला तिच्या हातचं उटणं गल्लीत कुणी अंगाला लावायचं नाही. पाप लागलं तर मला लागू दे. आईला नेलेल्या संत्र्यांची सालं दवाखान्यातून परत यायची, ती या लेकरानं वाळवली, कुटली. परवा संत्री अख्खीच परत आली, तेव्हाच मी समजले. ती मात्र म्हणाली, "आजी, आईनं सगळी मलाच ठेवली!"

उटणं जाडसर राहिलं तर तू चाळू नकोस, तिलाच पुन्हा चाळू दे. हात तसाच शिकतो. पुड्या मात्र मी यायच्या आत घरोघरी तूच पोचव, नाहीतर गल्लीत कुणीतरी तिच्यापुढं बोलून जाईल. संध्याकाळी तिच्या बापाला घेऊन येईन, मग मीच सांगेन.

आईसाठी लाल दोऱ्यानं बांधलेली पुडी फळीवर दिसणार नाही. ती मी घेतली आहे. सवाष्णीची शेवटची अंघोळ लेकीच्या उटण्यानं घालीन. पमीनं विचारलं तर सांग, आजी आईला द्यायला घेऊन गेली. ते खोटं नाही.

आत्या